दाजींचं ईटमधलं भाषण

आमच्या दाजींइतका शंकेखोर माणूस देवानं दुसरा घडवला नसणार, आणि घडवला असलाच तर त्याला कुणी मुलगी दिली नसणार. आमच्या वडिलांनी दिली. माझ्या बहिणीला बघायला ते तामलवाडीला आले, तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी वडिलांना विचारलं, की या एका गल्लीत किराण्याची इतकी दुकानं असताना तुमचं चालतं कसं? वडिलांनी यावर आयुष्यात कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी ते दुकान उघडायचंच विसरले. आतल्या खोलीत बहीण मात्र हसत होती, म्हणून सोयरीक जमली. लग्नपत्रिकेचा मजकूर दाजींनी स्वतः तपासला. विशेषणं खोडता खोडता त्यांनी 'शुभ' आणि 'मंगल'ही उडवलं, आणि छापून आलेली पत्रिका हातात घेऊन माझे काका विचारायला आले, की ही कोर्टाची तारीख कुणाची आहे.

दाजी ईट गावचे. लहानपणी मचाणावर उभं राहून ज्वारीवरची पाखरं हाकलायचं काम त्यांच्याकडं होतं, त्यामुळं गळा असा तयार झाला की पुढं मोठमोठ्या सभागृहांत ते माईक बाजूला सारून बोलायचे. वडील लवकर गेले. थोरल्या भावानं, म्हणजे आप्पांनी, शाळा सोडून शेत धरलं आणि धाकट्याला शिकवलं. शिकून दाजी एका छोट्या दैनिकात लागले, तेही बाजारभाव लिहायला. बाकीचे वार्ताहर भाव फोनवर विचारून छापत. हे एसटीनं आडत बाजारात जाऊन उभे राहायचे, कारण फोनवरच्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. तिथून ते पुण्याच्या उद्योग-व्यापाराच्या मासिकात गेले, तिथंच संपादक झाले, आणि मग व्याख्यानाची बोलावणी सुरू झाली. कुठलाही धंदा समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: घेणार कोण?

दोनेक वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आप्पांचा फोन आला. एक कंपनी शेतकऱ्यांकडून औषधी झाडाची लागवड करून घेणार होती आणि सगळा माल स्वतःच उचलणार होती. कंपनीचं तालुक्याचं काम आप्पांकडं आलं होतं. ईटमध्ये मेळावा होता आणि प्रमुख वक्ते म्हणून दाजींनी यायचं होतं. गावानं त्यांना आजवर कधी बोलावलं नव्हतं. बहीण सांगत होती, की ते आठवडाभर घरात येरझाऱ्या घालत भाषण म्हणत होते आणि कुकरच्या शिट्टीलाही थांबत नव्हते. गाडी मी चालवली. जामखेड मागं पडेपर्यंत दाजी गाणं गुणगुणत होते.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. भाषणं झाली की करारावर सह्या, असा बेत होता. त्यासाठी टेबल मांडून ठेवलं होतं. चहा पिताना दाजींनी कंपनीच्या साहेबांना सहज विचारलं, की तुमचा औषधांचा कारखाना कुठं आहे. साहेब म्हणाले, होतोय. मग सध्या माल कुठं जातो? परदेशात फार मागणी आहे. कुठल्या देशात? साहेबांनी घड्याळ बघितलं आणि कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणाले. दाजींचा चहा तसाच राहिला. आप्पांनी ते बघितलं आणि भावाला दंडाला धरून मांडवामागं नेलं. मीही पाठोपाठ गेलो.

"म्या अर्ध्या गावाला शब्द दिलाय," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "माझ्या रानात लागवड झाली. तू दोन चांगले शब्द बोल आन् बस."

"आप्पा, माल घेणार कोण, हे तुमाला तरी ठाव हाय का?"

आप्पांनी दाजींची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "चल. लोकं वाट बघायलेत."

साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, दाजींचं नाव पुकारलं. दाजी उभे राहिले आणि बोलेनात. लोकांना वाटलं, माईक बंद आहे. शेवटी त्यांनी माईक अगदी ओठांपाशी घेतला आणि जेमतेम ऐकू येईल असं बोलले. "हा माल कोण घेणार, ते मला विचारूनबी कळलं न्हाय. कळंपर्यंत कुणी सही करू नका." एवढंच बोलून ते खाली बसले.

साहेब उठून गैरसमज, गैरसमज म्हणू लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतले शेख चाचा उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मग सांगा की साहेब. आमी ऐकायलोत." साहेब मागणीबद्दलच बोलत राहिले. लोक त्यांच्याकडं बघतच नव्हते. सगळ्यांची नजर आप्पांवर होती. आप्पा व्यासपीठावरून उतरले, टेबलाला वळसा घातला आणि कुणाकडं न बघता घराच्या वाटेला लागले. टेबलापाशी कुणी गेलं नाही.

आप्पांच्या घरी वहिनींनी आम्हाला जेवायला वाढलं. आप्पा पानावर आले नाहीत.

पावसाळा संपायच्या आत कंपनीच्या तालुक्यातल्या कचेरीला कुलूप लागलं. गावातल्या कितीतरी लोकांनी दाजींना फोन केले. आप्पांनी केला नाही. त्यांनी स्वतःच्या रानातली ती लागवड एकट्यानं मोडली, असं वहिनींकडून कळलं. दाजींची व्याख्यानं सुरूच होती, सत्कार होत होते. पण सत्काराची शाल घरी आली की बहीण ती कुणाला न दाखवता कपाटात ठेवून द्यायची.

गेल्या दसऱ्याला दाजी न बोलावता ईटला निघाले. गाडी पुन्हा माझीच. आप्पा बांधावर उभे होते. त्यांनी आम्हाला बघितलं, या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मग रानाकडं बघतच त्यांनी विचारलं, "औंदा हरभरा करावा का करडई?"

कारखानदार ज्यांचं मत ऐकायला रांगेत बसतात, ते दाजी खाली बसले आणि एक ढेकूळ हातात घेऊन बोटांनी फोडत राहिले. थोड्या वेळानं आप्पाही शेजारी टेकले. उन्हं उतरली, तरी दोघांपैकी कुणी उठायचं नाव घेईना. मला अंधाराआधी निघायचं होतं, पण ते मी त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.