पडणारी कंपासपेटी

दुसरीच्या बाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या आणि त्यांचा आवाज तीन वर्गांपलीकडे जायचा. यंदा मात्र एका मुलीने त्यांना जेरीस आणलं होतं. बाई खुर्चीत बसून वह्या तपासायला लागल्या, की हिची कंपासपेटी खाली पडलीच. वर्गाने तिचं नावच 'खडखडी' ठेवलं. बाई तरातरा तिच्या बाकाशी जायच्या, खांद्याला धरून चांगलं झापायच्या आणि परत यायच्या. पेटी पुन्हा खाली!

एकदा झापता झापता बाईंना दिसलं, की पोरगी गालातल्या गालात हसतेय. आणि आपण बाकांमधून फिरत असताना पेटी कधीच कशी पडत नाही? "अगं बाई, हिला मीच हवी आहे की काय!"

दुसऱ्या दिवशी पेटी पडली, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. खडखडी गुमान लिहायला लागली, तेव्हा कुठे त्या उठल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "छान अक्षर आहे हं." आठवडाभरात पेटी बाकावर टिकायला लागली.

बाई भलत्याच खुशीत. त्या भरात त्यांनी शेजारच्या, वर्षभर हूं की चूं न केलेल्या मुलीच्याही खांद्यावर हात ठेवला.

ती दचकून उभी राहिली. "बाई, माझं काय चुकलं?"