सोनाळ्याला सहीसाठी

आमच्या घरात किस्से साठतात ते दारामागच्या खिळ्याला अडकवलेल्या पिशव्यांसारखे. एकीत दुसरी कोंबलेली, दुसरीत तिसरी; एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात. परवा चुलतबहिणीच्या हळदीला कुणीतरी म्हणालं, "मेघा, तो तुमचा सोनाळ्याचा किस्सा सांग ना." मी सांगितला, सगळ्या हसल्या. मला हसू येईना. त्या दिवशी दुसरबीडपासून सोनाळ्यापर्यंत, म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी रागाने थरथरत गेले होते.

मामला असा होता. सोनाळ्याहून मामाचा फोन आला. "आक्का, आबाच्या वावराच्या सातबाऱ्यावर तुझं बी नाव लागलं हाय. ते कमी करा लागते. तुझी एक सई पायजे."

आबा म्हणजे आईचे वडील; ते गेल्यावर वारसांची नावं लागली होती. वावर संत्र्याचं, बागायती. आई आणि मामा दोनच भावंडं, त्यामुळे अर्धं आईचं. पण आमच्याकडे बहिणीने आपला वाटा भावाला सोडून द्यायचा, भावाने तिला लुगडं नेसवायचं आणि गावाने तिला मोठ्या मनाची म्हणायचं, अशी रीत आहे. जी सोडत नाही तिचं माहेर तुटतं.

आई फोनवरच हो म्हणाली.

आमच्या घरच्या भांड्यांवरसुद्धा बाबांचं नाव कोरलंय. या बाईच्या नावावर जगात एक चमचा नाही. सातबाऱ्यावरची ती एक ओळ तेवढी होती आणि तीही ती पुसायला निघाली होती. मी आणि माझ्या थोरल्या बहिणीने, शिल्पाताईने, ठरवलं, सोबत जायचं आणि सही होऊ द्यायची नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या आईचं माहेर हाय, तुमी पाहा," आणि पेपर तोंडासमोर धरला.

*

सकाळी सातला निघायचं होतं. नऊ वाजता आई अजून डिकी भरत होती. कुरड्या, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी आणि सगळ्यात खाली एक दगडी पाटा. खरा, चाळीस किलोचा.

"हे काय आहे?" ताई ओरडली.

"तुह्या मामीचा पाटा तडकला म्हने. आपल्याकडचा दगड चांगला असते."

"आई, तो तुझी जमीन घेतोय आणि तू त्याला दगड नेऊन देतेस?"

"मंग रिकाम्या हातानं जाऊ का वं माहेरी?"

त्यानंतर प्रत्येक गतिरोधकाला तो पाटा मागे धाडकन आपटायचा आणि प्रत्येक वेळी मी किंचाळायचे. मला मुळातच दचकायला फार लागत नाही. कुकरची शिट्टी पुरते. मेहकर येईपर्यंत ताई म्हणाली, "मेघा, एक तर तो दगड उतरेल नाहीतर तू."

*

मेहकरच्या पुढे टायरमध्ये खिळा शिरला. गाडी हळूहळू नेत पंक्चरच्या दुकानाशी लावली. गाडी ताई चालवत होती, ताईच खाली उतरली, किल्लीही ताईच्या हातात. दुकानदाराने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि आईला विचारलं, "सोबत कोन हाय?"

आई म्हणाली, "मानसं मागून येऊन राह्यले."

कुणीही मागून येत नव्हतं. आईला वाटलं, तीन बायाच आहेत म्हटलं तर बरं दिसत नाही. त्या माणसाने हातातला जॅक खाली ठेवला. "येऊ द्या मंग त्याईले. प्लग मारू का टायर बदलू, इचारून करतो."

"दादा, गाडी माझी आहे. प्लग मारा," ताई म्हणाली.

"हो ताई. येऊ द्या त्याईले."

पाऊण तास आम्ही बाकड्यावर बसून नसलेल्या माणसांची वाट पाहिली. रस्त्यावर पांढरी गाडी दिसली की तो विचारायचा, "हे का?" ताई शाळेत साठ पोरं गप्प बसवते, तिच्या कपाळावरची शीर उडताना मला दिसत होती. खरं सांगून टाक, असं ताईने आईला दातओठ खाऊन सांगितलं. पण एकदा सांगितलेलं मागे कसं घ्यायचं? शेवटी आईने पिशवीतून मोबाइल काढला, वाजलेला नसताना कानाला लावला आणि दुकानदाराला म्हणाली, "त्याईचा फोन आला. प्लग मारा म्हने."

त्याने पाच मिनिटांत मारला.

*

खामगाव ते शेगाव ताईने आईकडून तालीम करून घेतली. वाक्य एकच. "कागद मुलींनी वाचल्याशिवाय मी सही करणार नाही."

आईने दहादा म्हटलं. पाठ झालं.

"आता मी मामा," ताई म्हणाली आणि मामाचा घोगरा आवाज काढला. "आक्का, कागद तयार हाय. सई कर."

"कागद पोरीईनं वाचल्याबिगर मी सई करनार नाही." आई खणखणीत बोलली. मी टाळी वाजवली.

ताईने परत मामाचा आवाज काढला. "आक्का, किती वाळली वं तू. जेवली का?"

आईच्या डोळ्यांत पाणी. "जेवली रे भाऊ. कुठी करू सई?"

ताईने गाडी बाजूला घेतली, उतरली आणि शेताच्या धुऱ्यावर जाऊन पाठ करून उभी राहिली. मी आईला म्हटलं, "अगं, ती ताई आहे."

"मले काय समजत नाही का वं?" आई डोळे पुसत म्हणाली. "पन त्यानं खरंच तसं इचारलं तं?"

*

खऱ्या मामाने तसं काही विचारलं नाही. सोनाळ्याला पोहोचलो तेव्हा तो शर्ट-पँट घालून, कागदाची पिशवी काखेत मारून ओट्यावर उभाच होता. पहिलं वाक्य, "लय टाइम केला बाप्पा. ऑफिस बंद होते ना."

दोन माणसांनी पाटा उतरवला. मामी त्याच्याकडे पाहत राहिली. "आक्का, आता मिक्सर हाय ना घरी."

आई ओशाळून हसली. तिच्या त्या हसण्याचा मला इतका राग आला की पाणी न पिताच मी पेला खाली ठेवला. देवघरासमोर ताटात लुगडं ठेवलेलं होतं, वर हळदीकुंकू, नारळ. आईने कौतुकाने त्याच्या पदराचं टोक चाचपलं. मामीने ताट जरासं मागे ओढलं. "सई करून या. मंग नेसवतो."

ताईने माझ्याकडे पाहिलं. आईने हात पदराखाली घेतला. जेवून ताटावरून उठताना ती म्हणाली, "भाऊ, ऑफिसच्या रस्त्यानंच वावर लागते ना? दाखव. लग्नापासून पाह्यलं नाही."

*

मामा नाही म्हणू शकला नाही. पण घड्याळ दाखवत आमच्या पुढे भराभर चालत होता. आई अजिबात घाई करत नव्हती. एकेका झाडाला हात लावत, खालची फांदी उचलून फळं पाहत, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत गेली. विहिरीशी थांबून वाकून पाहिलं. मी मागून तिचा पदर धरून ठेवला.

विहिरीपलीकडून एक म्हातारा रखवालदार काठी टेकत आला. आईच्या हातात खाली पडलेलं एक संत्रं होतं. त्याने आईकडे पाहिलं, संत्र्याकडे पाहिलं आणि मामाला विचारलं, "भाऊ, ह्या बाई कोन?"

मामाची नजर घड्याळावर होती. "कोनी नाही बे. पाहुन्या हायेत."

आई थांबली. मग सावली पाहून झाडाखाली नीट मांडी घालून बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि संत्रं सोलायला लागली.

"आक्का, ऑफिस बंद होईन. चाल, दोन मिनिटाचं काम हाय." मामाने पिशवीतून कागद आणि पेन बाहेर काढलं. "नाही तं इथंच कर सई, मंग जाऊ."

आईने एक फोड तोंडात टाकली. सावकाश खाल्ली. बी हातावर घेतली.

"भाऊ, मी पाहुनी ना?"

"आता त्याले काय सांगत बसू, म्हनून म्हनलं वं..."

"नाही, बरोबर बोलला तू," आई म्हणाली. "पाहुन्यानं खावं, पेवं अन् आपल्या घरी जावं. सई-बिई घरच्या मानसाचं काम हाय."