स्टोअरकाकांची तपासणी

उभ्या कोकणपट्टीत डॉक्टरी तपासणी चुकवण्यात आमच्या स्टोअरकाकांचा हात धरणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या आमच्या रत्नागिरीच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, म्हणून स्टोअरकाका. माणूस तसा वाघ. फाटका हातमोजा दाखवल्याशिवाय नवा हातमोजा खुद्द मॅनेजरलाही द्यायचे नाहीत, आणि एकदा स्टोअरच्या मांडणीवर नाग निघाला तेव्हा त्याला झाडूच्या काठीने दार दाखवून परत येऊन त्यांनी उरलेला चहा प्यायला होता. पण पांढरा कोट नुसता फाटकातून आत येताना दिसला, की हा वाघ खोक्यांच्या थप्पीमागे जाऊन काहीतरी शोधायला लागायचा.

मी नोकरीला लागले आणि त्याच वर्षी कंपनीला कामगारांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. दरसाल दिवाळीनंतर आरोग्य शिबिर भरवायचं ठरलं, आणि मी सगळ्यांत नवी म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी स्टोअरकाका गावाला भातकापणी आहे म्हणून दोन दिवस रजेवर गेले. यांचं गाव नाटे, तीन पिढ्या होड्यांवर, आणि शेत म्हणायला घरात तुळशीची एक कुंडी, हे मला पुढे सहा महिन्यांनी कळलं. दुसऱ्या वर्षी रजा मिळाली नाही, तेव्हा उपाशीपोटी यायची सूचना असताना ते सात घावणे खाऊन आले आणि नर्सबाईंना आपण होऊन म्हणाले, "सात हां. आणि रस्सा वेगळा." तिसऱ्या वर्षी शिबिरातला वजनकाटा ऐन वेळी बिघडला. डॉक्टरांनी स्टोअरमधून एखादा काटा मागवला, तर काकांनी आंब्याचे क्रेट वजन करायचा भला थोरला काटा ढकलत आणला, आणि स्वतःच त्याच्यापाशी उभे राहून वजनं पुकारायला लागले. आमचे अकाउंटंट साडेचार क्रेट भरले. ते सरळ घरी गेले आणि आठवडाभर काकांशी बोलले नाहीत. या गोंधळात सगळ्यांची वजनं झाली, काकांचं तेवढं राहिलं.

"रगात काढून घेतात," ते मला समजवायचे, "आणि मग सांगतात, अंगात रगात कमी हाय. अवो मॅडम, काढल्यावर आनि काय होनार?"

हसायला यायचं, पण खरं सांगायचं तर कारखान्यात असा विचार करणारे ते एकटे नव्हते. पॅकिंगच्या बायकांना शिबिर आवडायचं, कारण तेवढाच अर्धा दिवस खुर्चीवर बसायला मिळायचं आणि वर शिरा. मॅनेजरना आवडायचं, कारण मुंबईच्या ऑफिसला फोटो पाठवता यायचे. बाकीच्यांच्या मनात मात्र एकच कुजबुज : ज्याची साखर जास्त, ज्याचं प्रेशर वर, त्याला पुढच्या हंगामाआधी घरी बसवणार. एकदा मी फारच मागे लागले, तेव्हा स्टोअरकाकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मॅडम, एकच सांगा. माझा रिपोट कोन कोन वाचनार?" मी खरं तेच सांगितलं. सगळे रिपोर्ट मॅनेजरच्या कपाटात असायचे, त्यांची यादी मुंबईला जायची, आणि तिथे ती कोण वाचतं हे मलाही ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "बगा. चहा घ्या."

चौथ्या वर्षी मुंबईहून नवीनच टूम आली. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा बांधायचा, तो दिवसभराची पावलं आणि छातीचे ठोके मोजणार, संध्याकाळी फोनला जोडला की आकडे परस्पर पोचणार. महिनाभर जो जास्त चालेल त्याला बक्षीस. स्टोअरकाकांनी पट्टा निमूटपणे घेतला तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पहिल्या आठवड्याची यादी लागली आणि सगळा कारखाना फळ्यापुढे जमला. दिवसाला वीस-बावीस हजार पावलं टाकून स्टोअरकाका पहिले! ज्या माणसाला स्टुलावरून मांडणीपर्यंत जाणं म्हणजे प्रवास वाटायचा, तो माणूस रत्नागिरी ते पावस रोज चालत जात असल्यासारखे ते आकडे होते. विचारलं तर म्हणाले, "रातांब्याचं सार पितो." मॅनेजर खूश. त्यांनी काकांचा फोटो काढून मुंबईला पाठवला, खाली 'आमचे प्रेरणास्थान' असं लिहून.

तिसऱ्या आठवड्यात त्या पट्टेवाल्या कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मॅनेजरच्या केबिनमध्ये काकांना बोलावलं, मीही होते. बाई फोनवर म्हणाल्या, "यांचे ठोके रोज सकाळी एकदम वाढतात आणि मग वेडेवाकडे पडतात. पट्ट्यावर सगळा भरवसा ठेवता येत नाही, पण वाट बघू नका. आजच दवाखान्यात न्या." काका आधी हसले. "मला काय झालाय? मी ठणठणीत हाय." आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी शर्टाची बाही वर केली. मनगट मोकळं होतं.

"साहेब," ते म्हणाले, "ते ठोके माझे नव्हेत. माझ्या भयनीचे हायत."

पट्टा पहिल्या दिवसापासून त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हातात होता. तिला सगळे बाय म्हणायचे, आणि दोघं रत्नागिरीत एकाच घरात राहायची. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच काकांना वाढवलं, डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारोदार फिरून शिकवलं, आणि साठी उलटली तरी तिचं फिरणं सुटलं नव्हतं. "टायम कळंल" म्हणून काकांनी तिला ते घड्याळ बांधलं होतं, आणि भावाने घड्याळ आणलं म्हणून ती गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत होती. मॅनेजर "ही फसवणूक आहे" असं काहीतरी बोलायला लागले, पण काका तोवर बाहेर पडले होते. त्यांना मागे बसवून स्कूटर मीच चालवली.

बाय आम्हाला एका चढावर अर्ध्यात सापडली. पाटी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर टेकवून, छातीवर हात ठेवून उभी होती. भावाला बघून म्हणाली, "आता रे हय कशाला? काढून टाकलानी काय तुला?"

"बाय, दवाखान्यात चल."

"चार घरा ऱ्हायलीत. बांगडा उन्हात जाईल."

"जाऊदे बांगडा. तुझ्या छातीत धडधडता, खरा ना?"

बायने छातीवरचा हात काढला. म्हणाली, "चढावर धडधडनारच. तुला नाय धडधडत?" काका रडकुंडीला आले. त्यांनी हात जोडले. तशी ती गडग्यावर बसली आणि माझ्याकडे वळून सांगायला लागली, "शालेत टोचनारे आले तवा ह्यो माडावर चडून बसलेला. दुपारपर्यंत उतरंना. माजी पाटी टाकून मी आले, तवा उतरला. आता मला दवाखाना दाखवतोय. आदी तू टोचून घे, मग मी."

आणि स्टोअरकाकांनी टोचून घेतलं. दवाखान्यात बहिणीच्या डोळ्यांसमोर त्यांनी बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि मोठ्याने पाढे म्हणायला सुरुवात केली. एकोणतीसच्या पाढ्यात अडखळले तेव्हा नर्स म्हणाली, "काका, कधीच झालं." आत त्यांची साखर अडीचशेच्या वर निघाली आणि बाहेर बाकावर बाय फक्त एवढंच म्हणाली, "सात घावने." बायच्या हृदयाची लय खरोखरच बिघडलेली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. गोळ्या सुरू झाल्या, चढ बंद झाले, पाटी उतरली.

मॅनेजरनी काकांच्या नावाने मेमो लिहून ठेवला होता. पण डॉक्टरांचं म्हणणं त्यांच्या कानावर घातल्यावर त्यांनी तो फाडला, बक्षीस मात्र रद्द केलं. मी संधी साधली आणि अडून बसले, की यापुढे रिपोर्ट ज्याचा त्याला, बंद पाकिटात. कपाट नाही, यादी नाही. बरीच पत्रापत्री झाली, पण झालं. पुढच्या शिबिराला रांगेत पहिले स्टोअरकाका होते. पाकीट हातात आल्यावर त्यांनी ते सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि मागे वळून म्हणाले, "चिकटवलेलाच हाय. या सगळे." आणि जे चार वर्षांत कधी आले नव्हते ते बॉयलरवालेही आले.

काका निवृत्त झाले आणि भावंडं नाट्याला परत गेली. गेल्या वर्षी एका लग्नासाठी मी तिकडे गेले, तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे उतरले. बाय एकटीच पडवीत सुरमई कापत बसली होती. म्हणाली, "तो खय घरात असतो? गावातल्या भिनाऱ्या म्हाताऱ्यांना गोला करतो नि दवाखान्यात नेतो. आजपन सकालीच गेलाय. बस, येईल." मी बसले. चहा झाला, मासे झाले, गप्पा संपल्या. काका आले नाहीत, आणि एसटीची वेळ झाली.

गाडी आरोग्य केंद्रासमोरून गेली. बाहेरच्या बाकावर काका एका लुंगीवाल्या आजोबांच्या पाठीवर हात ठेवून बसले होते. बरेच वाळले होते. काहीतरी रंगवून सांगत होते आणि आजोबा तोंडाचं बोळकं पसरून हसत होते. मी खिडकीतून "काका!" म्हणून हाक मारली. पण गाडीच्या खडखडाटात ती त्यांना ऐकू गेली नाही, आणि त्या आजोबांचं हसू मोडून पुन्हा हाक मारायचं माझ्या जिवावर आलं.