दुसऱ्याच्या घरच्या खिडक्या

आमच्या मंडळींना घेऊन कुणाच्या घरी जायची मला लाज वाटायची. ही बाई चहाला बसायच्या आधी खिडकीकडं जायची. कडी काढायची, पल्ला उघडून लावून बघायची, खालच्या चौकटीवरून बोट फिरवायची आणि मग त्या बोटाकडं बघत बसायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण घेऊन येतात. ही वाण घ्यायची आणि त्यांच्या न्हाणीचा दरवाजा खालून फुगलाय का तेही बघून यायची. गल्लीतल्या बायकांनी तिचं नावच पाडलं, कडीवाली.

हे सुरू झालं आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा. मी सोयगावकडचा, सातवीत शाळा सोडलेला, इथं कंपनीत मशीनवर. मला पुढच्या बाजूला, रस्त्याकडं, मोठी सरकती काच पाहिजे होती. आता ती बाजू पश्चिमेची. ती म्हणाली, "रस्त्यावरच्याला लई झ्याक दिसंल. पण मे महिन्यात दुपारी तिथं बसायचं कुणी? तुमी?"

दुकानात यायला ती तयारच नव्हती. "दुकानातली खिडकी नव्या नवरीवानी असती, समद्यांशी गोड. लई पावसाळे काढलेली बघावी." म्हणून ही लोकांची घरं. कुणाच्या सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी तुंबून भिंतीला ओल उतरलेली, कुणाची सागवानी म्हणून घेतलेली चौकट वाळवीनं आतून खाल्लेली. सगळं ती बघून यायची आणि भाकरी थापता थापता मला सांगायची. सरकत्या खिडकीवर तर तिचा रागच. "घ्यायची पुरी, उघडायची अर्धी."

मी चारचौघांत आवाज दाबून म्हणायचो, "बस कर आता. लोक बघतायत." ती ऐकायची नाही.

एकदा साहेबांच्या घरी पूजेला गेलो होतो. हिनं त्यांच्या बैठकीची खिडकी उघडली, ती परत लागेना. साहेबांच्या बायकोपुढं मी हसून म्हणालो, "अडाणी आहे हो, सोडून द्या." माझी सातवी, तिची चौथी. एवढा मी शिकलेला. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "चौकटच वाकडी बसवलीय त्यांची. म्हणून अडती." माझ्या बोलण्याचं काहीच नाही.

घर शेवटी तिच्याच म्हणण्यानं झालं. पश्चिमेला लहान खिडकी, तिच्यावर रुंद छज्जा. पूर्वेला आणि उत्तरेला मोठ्या, पल्ल्यांच्या. न्हाणीला दगडी चौकट. खिडकीबाहेरच्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार. मला पटलं म्हणून नव्हे, तिच्यापुढं माझं चाललं नाही म्हणून.

ती उन्हाळ्यात गेली. बसायला आलेली माणसं घाम पुसत आत यायची आणि म्हणायची, "घर लई गार हाय आण्णा. डोकं लावून बांधलंत." मी मान हलवायचो. माणसं तिच्यासाठी आलेली, समोर तिचा फोटो, आणि मी मान हलवायचो.

आता पोरगा शेंद्र्याकडं घर बांधतोय. मला औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात घेऊन गेला. "आण्णा, आपल्या खिडक्या तुमीच निवडल्या ना? मग सांगा, कोणती घेऊ?"

तिथं सगळ्याच खिडक्या एका बोटानं सरकत होत्या. मला काही कळेना. म्हणालो, "मी नाय निवडल्या. तुझ्या आईनं निवडल्या." मग दुकानदाराला म्हणालो, "तुमची खिडकी लावून लई वर्षं झाली असं एखादं घर दाखवा."

त्यानं फोन करून एका जुन्या गिऱ्हाइकाकडं पाठवलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. घरातल्या बाईंनी पाणी आणलं. मी पेला तसाच ठेवला आणि खिडकीकडं गेलो. कडी काढली, उघडली, लावली. जोर लावावा लागला. परत उघडली.

पोरगा जवळ आला आणि माझी बाही ओढून हळूच म्हणाला, "आण्णा, बस करा आता. लोक बघतायत."

मी खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. ओलं निघालं. त्या बोटाकडंच बघत राहिलो. मागं वळून पोराच्या तोंडाकडं बघायची माझी छाती झाली नाही.