पाण्याचा भांग

उज्वलाबाई साळुंखे शाळेचा जिना कधी सावकाश उतरल्याचं कुणी पाहिलं नाही. निवृत्ती तोंडावर आली तरी चाल तीच. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून कामोठ्यात आल्या आणि एका खासगी मराठी शाळेत भूगोल शिकवू लागल्या. खाडी शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मुलं भरती-ओहोटी पाठ करतात पुस्तकातून! बाईंना याची तिडीक होती.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. गणवेश खुशाल एका कापडाचा शिवा, अभ्यास एका मापाचा नको. पोराला काय येतं ते आधी विचारा, काय येत नाही ते मागाहून. आणि नववीतल्या प्रत्येकानं आपल्या दाराशी अडलेला एक प्रश्न उचलायचा, वस्तीत माणसांना विचारत हिंडायचं, जे हाती लागेल ते चारचौघांपुढे मांडायचं. स्टाफरूममध्ये याला ‘बाईंचं भटकंती खातं’ म्हणत. म्हणोत बापडे. बाईंना ऐकायला वेळ कुठे होता?

अशात नववीतल्या मनस्वी घरतचं प्रकरण निघालं. मनस्वी गावठाणातली, खाडीकाठच्या जुन्या घरातली. बोलायला चुणचुणीत, पण बीजगणिताचा पेपर समोर आला की दगड. मुख्याध्यापक स्वतःच बीजगणित शिकवायचे. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

“मॅडम, हिला सतरा नंबर भरायला सांगू. बाहेरून बसू दे दहावीला.”

म्हणजे शाळा सोडायची, घरी बसून एकटीनं परीक्षा द्यायची. शाळेच्या निकालात तिची अडचण नको! अशा किती मुली पुन्हा पुस्तक उघडतात, हे बाईंनी उभ्या नोकरीत पाहिलं होतं.

“नापासाची भीती तिला आहे की तुम्हाला?”

“शंभर टक्के निकालाची परंपरा आहे मॅडम. संस्थेला काय सांगू?”

“मुलगी आमची आहे म्हणून सांगा. शनिवारी पालकसभेत ती तिचा प्रश्न मांडणार आहे. आधी ऐका, मग काय ते ठरवा.”

“ऐकतो. पण निर्णय शनिवारीच.”

मनस्वीचा प्रश्न होता नाल्याचा. गावठाणाला लागून असलेल्या सोसायटीसमोर पावसाचा टिपूस नसताना रस्त्यावर पाणी का चढतं? ती सफाई कामगारांना भेटली, सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटली, आणि सगळ्यात जास्त बसली आपल्या आजीपाशी. मालतीबाईंची उमर खाडीत चिंबोऱ्या धरण्यात गेलेली.

शनिवारी सभागृह भरलं. मनस्वी आधी अडखळली, मग सुरू झाली.

“खाडीला भरती आली की नाल्यात पाणी उलटं शिरतं. सोसायटी नेमका उधाणात नाला साफ करायला घेते, म्हणून गाळ निघतच नाही. भांग असला की काम सोपं. म्हणून नाला भांगात साफ करावा.”

“थांब!” मुख्याध्यापक ताडकन उठले. “भांग? शाळेच्या व्यासपीठावर भांगेच्या गोष्टी?”

मागून कुणीतरी म्हणालं, “मग काय, नाला होळीलाच उपसायचा म्हना की!” सभागृह खदखदलं. मनस्वीचं तोंड एवढंसं झालं. ती स्टेजवरून उतरायलाच निघाली.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मालतीबाई उठल्या. “ओ मास्तर, ती पियाची भांग न्हाय! ह्यो पान्याचा भांग हाय. तुमाला ठाव न्हाय तं पोरीला इचारा ना, वरडता कशाला?”

आता सगळे मालतीबाईंकडे बघून हसू लागले. त्याही हसल्या. उज्वलाबाईंच्या ओठांवर अर्थ आला होता, पण त्यांनी तो गिळला आणि खडू पुढे केला. “मनस्वी, तूच दाखव.”

मनस्वीनं फळ्यावर एक आडवी रेघ मारली. तिच्यावर दिवस मांडले, अमावास्येपासून पुनवेपर्यंत. दोन्ही टोकांना भरतीचे उंच डोंगर काढले, मधे अष्टमीजवळ बुटके. “हे उंच, ते उधाण. हे बुटके, तो भांग. भांगात भरती फार चढत नाही, पाणी नाल्यात शिरत नाही.”

मुख्याध्यापक फळ्याजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला.

“हा आलेख तुला कुणी शिकवला?”

“आलेख?” मनस्वी गोंधळली. “सर, हे तर पाणी आहे.”

“पाणीच आहे गं,” ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले. “वर्षभर मी हेच शिकवतोय. पाणी तेवढं घालायचं राहिलं.”

त्यांनी लगेच पलटी मात्र खाल्ली नाही. फेरपरीक्षा घेईन, मगच ठरवीन म्हणाले, पण तोवर बीजगणित रोज मीच घेईन, हेही म्हणाले. मनस्वी वहीत भरती काढायची, सर त्या चित्रातून समीकरण काढून दाखवायचे. कधी दोघं भांडायचे. सोसायटीनं पुढच्या अष्टमीला नाला उपसला आणि सेक्रेटरी शाळेत येऊन सगळ्यांसमोर “थँक्यू बेटा” म्हणून गेले. त्या दिवशी मनस्वीनं उदाहरणं कुणी न सांगता सोडवली.

फेरपरीक्षेत ती काठावर पास झाली. उज्वलाबाई केबिनमध्ये शिरल्या तेव्हा मनस्वी सरांसमोर उभी होती.

“शाळेतूनच बसायचं दहावीला,” सर म्हणत होते. “ठरलं.”

“पण सर,” मनस्वीनं चाचरत विचारलं, “मी उडाले तर? तुमचा शंभर टक्के...”

“मग थोडा कमी लागेल. संस्थेला मी सांगेन. तू वर्गात जा आधी, तास सुरू झालाय.”