काटोलला पास झालेलं व्हीपीएन

आमच्या जवाईबापूंनी आजवर एकही वस्तू ओढून, ठोकून, जाळून किंवा चाखून पाहिल्याशिवाय घरात आणलेली नाही. अपवाद एकच, माझी नणंद. तिला पाहायला आले, तिने केलेले पोहे खाल्ले आणि "पसंत आहे" म्हणून मोकळे झाले. ती अजून टोमणा मारते, "एक मलेच काय ते न तपासता आणलं यायनं, अन् जन्मभर तेच निस्तरून राहिले." ते मिशीतल्या मिशीत हसतात आणि हातातला टॉर्च उघडून त्यातले सेल मागेपुढे करून पाहतात.

वय चौऱ्याहत्तर, डोक्यावरचे केस बोटांवर मोजण्याइतके, पण आमच्या घरात ते अजून जवाईबापूच. उमरेडचं विणकर घराणं. वडील, आजोबा मागावर बसलेले. हे शिकून सरकारी कचेरीत लागले, खुर्चीवर बसले, पण बोटं विणकराचीच राहिली. कापड दिसलं की काठाचा एक धागा ओढायचा, काडी लावायची आणि राख चिमटीत चोळायची. सूत असेल तर राख मऊ, भेसळ असेल तर कडक गोळी होते. दुकानात करतात ते करोत हो, पण या माणसाने स्वतःच्या लग्नात, मांडवात, माझ्या सासऱ्यांनी दिलेल्या धोतराचा धागा ओढला! काडीपेटी जवळ नव्हती, म्हणून समईवर धरला. सनईवाला थांबला. माझे सासरे पांढरेफटक. जवाईबापूंनी शांतपणे राख चोळली आणि म्हणाले, "पक्कं सूत आहे, मामाजी. चालू द्या." मग लग्न लागलं.

पुढेही तेच. गादी घ्यायची तर धरमपेठेतल्या दुकानात तिच्यावर आडवे झाले, ते दुपारी दोन वाजेपर्यंत उठलेच नाहीत. दुकानदार भला माणूस, त्याने अंगावर चादर घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला हळू बोलायला सांगितलं. पोरीला शाळेत घालायचं तर आधी स्वतः शेवटच्या बाकावर तासभर बसले, टाकीचं पाणी प्यायले, आणि घंटा झाल्यावर मास्तरांना म्हणाले, "मागं आवाज येत नाही तुमचा. पाणी गोड आहे पण." त्याच पाण्यावर पोरगी शिकली आणि आता कॅनडात असते.

तर ती पोरगी. लग्न उशिरा झालेलं, आणि देवाच्या दयेने गेल्या वर्षी तिला दिवस गेले. तिचा फोन आला, "आई, तू ये. मले दुसरं कोणी नको." दोघांचं तिकीट निघालं, तीन महिन्यांचं. जवाईबापूंनी बॅगेचं चाक जिन्यावरून चारदा वरखाली करून पाहिलं. आणि अचानक नणंदबाई आडून बसल्या. म्हणे, "मी नाही येत. माझी सिरियल बुडते."

आता ही मालिका म्हणजे काय सांगू तुम्हाला! तिच्यातल्या सुनेला दिवस जाऊन दीड वर्ष झालं होतं, अजून डोहाळजेवणच चाललं होतं. सासूची दोनदा स्मृती गेली आणि एकदा चुकीची परत आली. आम्ही दोघी रोज संध्याकाळी साडेसातला ती पाहायचो. ती वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. साडेसातला पाच कमी असले की जिन्यावर तिच्या चपला वाजायच्या. येऊन ती आमच्या ह्यांच्या खुर्चीत बसायची आणि पहिल्या मिनिटापासून मालिकेला नावं ठेवायची. ह्यांना जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. माझा मुलगा बंगलोरला, त्याचं त्याचं काम.

पोरगी तिकडे दिवस मोजतेय आणि आई इकडे मालिकेसाठी अडून बसलीय, हे ऐकून मीच तिला रागावले. "अवं, लाज वाटू दे जराशी! पोरीपेक्षा सिरियल मोठी झाली काय?" ती म्हणाली, "झाली." शेवटी जवाईबापू मध्ये पडले. "तिकडंही दाखवतो तुले. साडेसातले म्हणजे साडेसातले. अन् वैनीसोबत. मंग तं येशील?" नणंदेने बोट उचललं. "आठ दिवस पाहीन. नाही दिसली, तं मी एकटी विमानात बसून परत येईन. तुम्ही करा मंग बाळंतपण." ही बाई बोलते ते करते. त्यामुळे जवाईबापूंची झोप उडाली.

तेव्हापासून आमच्या घरात व्हीपीएन आलं. मला जसं समजलं तसं सांगते. परदेशात बसून आपली वाहिनी मोबाईलवर उघडली की ती आधी विचारते, कुठून पाहून राहिले? तिकडचा पत्ता दिसला की दार लावून घेते. व्हीपीएन घेतलं की माणूस राहतो तिकडे आणि पत्ता दाखवतो इकडचा. जवाईबापूंना पहिल्यांदा हे काही पटेना. "म्हणजे खोटं बोलाचं? नोकरीत मी कधी खोटा प्रवासभत्ता नाही घेतला, वैनी." मी म्हटलं, "वाहिनीचे वर्षाचे पैसे तुम्ही भरले ना? घरही इथंच आहे ना? मग खोटं काय त्यात?" दोन दिवस त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे. घर तं इथंच आहे."

मग तपासणी सुरू झाली. असली व्हीपीएनं पन्नास निघाली. त्यातली चार त्यांनी निवडली, आणि नावं इंग्रजी म्हणून चित्रावरून ओळखायला लागले: घुबडवालं, छत्रीवालं, कुलूपवालं, उंटवालं. वहीत चार रकाने पाडले. घुबडवालं फुकट होतं, ते पहिल्याच दिवशी बाद. "जो फुकटात देते, वैनी, तो आपल्यालेच कुठं तरी विकून राहिला असते." बाकीच्यांचा धागा ओढायचा कसा, हा प्रश्न होता. त्याला राख नाही, वास नाही. तेव्हा त्यांनी शोधून काढलं की कंपनीवाल्यांशी मोबाईलवर लिहून बोलता येतं. झालं! त्यांनी प्रत्येकाला एकच प्रश्न टाकला. "नमस्कार. जेवण झालं का?"

मी म्हटलं, "जवाईबापू, हे काय विचारणं झालं?"

"हेच तं विचाराचं. मशीन असन तं गडबडते. माणूस असन तं सांगते."

छत्रीवाल्याने तीनदा किंमतच पाठवली. कुलूपवाल्याने "आपला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा आहे" असं लिहिलं आणि गडप झाला. उंटवाल्याकडून मात्र थोड्या वेळाने उत्तर आलं, आम्ही माझ्या एका भाच्याकडून वाचून घेतलं: अजून नाही जेवलो, तुमचं झालं का? जवाईबापूंचा चेहरा असा उजळला म्हणता, जसा मांडवात त्या राखेने उजळला होता. वहीत लिहिलं, 'उंट. माणूस आहे.'

पण नुसत्या माणुसकीवर जाणारे ते नव्हेत. घरी बसून उंट लावला, भारत निवडला, मालिका स्वच्छ दिसली. तरी समाधान नाही. "घरी तं कोणतंही चालते. परगावी नेऊन पाहिलं पाहिजे." म्हणून एका रविवारी आम्ही तिघं डबा बांधून एसटीने काटोलला गेलो. तिथे त्यांच्या कचेरीतल्या एका मित्राचा संत्र्याचा बगीचा आहे. मृगाचा बहार उतरत होता, झाडाखाली सतरंजी टाकली. जवाईबापूंनी घाम पुसून मोबाईल धरला, उंट लावला, भारत निवडला, डोळे मिटून बटण दाबलं. आणि आली ना मालिका! दुपारची, शिळी, पण आली. सासू रडते आहे ते काटोलमध्ये अगदी नागपूरसारखं दिसत होतं. आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मित्राने टोपलीभर संत्री दिली. वहीत नोंद झाली: 'परगावी पास.'

तुम्ही हसून राहिले असाल. आम्ही तिघं नाही हसलो. तिघांच्या वयाची बेरीज सव्वादोनशेच्या जवळपास जाते, पण एकाच्याही लक्षात आलं नाही.

परतीच्या एसटीत नणंद खिडकीशी झोपली. जवाईबापू संत्रं सोलत माझ्याकडे न पाहता म्हणाले, "वैनी, एक सांगू काय? तिले नाही आवडत ती सिरियल."

"म्हणजे?"

"पहिल्या महिन्यातच कंटाळली होती. ती म्हणते, मी गेली तं साडेसातले वैनीजवळ कोण बसन? दादाची खुर्ची रिकामी दिसन तिले." त्यांनी संत्र्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. "तिले सांगू नका, मी सांगितलं म्हणून."

मी फोडी खाल्ल्या. गोड होत्या की आंबट, काही आठवत नाही. इतके दिवस मला वाटत होतं की तिला आवडते म्हणून मी पाहतेय. ती बिचारी मला आवडते म्हणून पाहत होती. सव्वा वर्ष आम्ही दोघींनी एकमेकींसाठी त्या सासूचं रडणं सोसलं. घरी आल्यावर मनात आलं, तिला सांगून टाकावं, जा निवांत, मी राहीन. पण ती जिन्यावरून ओरडली, "वैनी, उद्या साडेसातले, लक्षात आहे ना!" आणि मी म्हटलं, "आहे वं, आहे."

ती दोघं कॅनडाला गेली. आमचे साडेसात म्हणजे तिकडचे सकाळचे दहा. मी मोबाईल ह्यांच्या खुर्चीत उशीला टेकवून उभा केला, त्यात ती दोघं आणि मागे पोरीचं भलं मोठं पोट दिसत होतं. जवाईबापूंनी उंट लावला, भारत निवडला, बटण दाबलं. काळा पडदा. पुन्हा दाबलं. काळा पडदा. नणंद हाताची घडी घालून म्हणाली, "एक दिवस झाला." दुसरा झाला. तिसरा झाला. चौथ्या दिवशी ते अगदी कळवळून म्हणाले, "असं काहून होऊन राहिलं बापा? काटोलले तं चाललं होतं!"

पोरीने विचारलं, "बाबा, काटोलले काय चाललं होतं?"

"हेच. परगावी टेस्ट घेतली होती ना आम्ही."

मग पोरगी म्हणाली, "बाबा... काटोल भारतातच आहे." आणि ती हसायला लागली. दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. नणंद घाबरून ओरडली, "अवं, हळू हास, इथंच मोकळी होशील!" आणि मग तीही सुटली. इकडे मी एकटी, सोफ्यावर आडवी. एवढी मी ह्यांच्यामागे कधी हसले नव्हते. जवाईबापू तेवढे गंभीर. त्यांनी वही काढली, 'परगावी पास' वर काट मारली आणि खाली पाहिलं. तिथे लिहिलं होतं, 'उंट. माणूस आहे.'

त्यांनी त्याच माणसाला लिहिलं. आधी जेवणाची चौकशी, मग अडचण. पोरीने ती इंग्रजीत करून दिली. तो माणूस सहाव्या दिवसापर्यंत मागे लागून राहिला. आधी हे शहर लावा, मग ते लावा, मोबाईल बंद करून चालू करा. सहाव्या दिवशी साडेसातला पडदा उजळला आणि आमची सासू कॅनडात रडायला लागली. दोन दिवस हातात ठेवून जवाईबापू जिंकले!

पण जिंकून स्वस्थ बसतील ते जवाईबापू कसले. लगेच लक्षात आलं की उंटावरून येणारी मालिका मागे पडते. माझ्याकडे सुनेच्या हातून ताट पडायचं, मी "अगं बाई" म्हणायचे, आणि तिकडे ताट अजून तिच्या हातातच. नणंद चिडायची, "वैनी, आधीच ओरडू नको ना वं! सगळं समजते मले!" घड्याळ लावून त्यांनी मोजलं. चाळीस सेकंद. म्हणाले, "वैनी, तुमच्या रिमोटवर दोन उभ्या रेघांचं बटण आहे. ते दाबून सुरुवातीलेच चित्र थांबवून ठेवा. मी म्हणीन तेव्हा सोडा." तेव्हापासून रोज साडेसातला माझ्या दिवाणखान्यात नायिका तोंड उघडं ठेवून चाळीस सेकंद थांबायची आणि खुर्चीतून आवाज यायचा, "तीन, दोन, एक. सोडा!" मग दोन्हीकडे ताट एकदमच पडायचं. एके दिवशी मात्र सोडाच म्हणेनात. नुसता गलका ऐकू येत होता. मी बटणावर बोट ठेवून बसले आणि मग त्या गलक्यातून एक बारीकसं, चिरकं रडणं आलं. नातीला पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आणलं होतं. मालिकेतली सून अजून अडलेलीच होती.

ती दोघं परत येऊन आता बरेच दिवस झाले. नणंद पुन्हा ह्यांच्या खुर्चीत बसते. आम्ही एकमेकींना अजून काही सांगितलेलं नाही. जवाईबापूही आता येतात, येताना स्वतःची खुर्ची आणतात, आमच्या घरातली त्यांनी तपासलेली नाही म्हणून. रिमोट त्यांच्या हातात. पहिल्याच दिवशी मालिका सुरू झाली आणि त्यांनी चित्र थांबवलं.

मी म्हटलं, "आता काहून थांबवता? तुम्ही तर इथंच आहात."

त्यांनी समोरच्या मोबाईलकडे हनुवटी केली. तिथे कॅनडातली सकाळ होती. पोरगी मांडीवर लेकीला घेऊन, विस्कटलेल्या केसांनी सोफ्यावर बसत होती. जिने आयुष्यात कधी आमची मालिका पाहिली नाही ती पोरगी उंट लावायच्या खटपटीत होती, आणि सोफ्यावर तिच्या शेजारी आई बसायची ती जागा मोकळी होती.

"ते मागं आहे अजून," जवाईबापू म्हणाले. "येऊ द्या तिले."

आम्ही तिघं त्या थांबलेल्या चित्रासमोर बसून राहिलो. नणंद एकदा डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काय ते थोबाड उघडं ठेवलंय मेलीनं." आणि जवाईबापू ओठातल्या ओठात आकडे मोजत राहिले.