वायरीचं सोनं

पाथरीत टीव्ही दुरुस्तीचं पहिलं दुकान दिनकररावांचं. समोर कालच्या पोरानं, व्यंकटरावानं, दुकान थाटलं, तेव्हापासून त्यांच्या पोटात दुखायला लागलं.

व्हिडिओ गेमचं चित्र अन् आवाज टीव्हीत आणायला एक वायर लागते. दिनकरराव साधी वायर विकायचे. एक्क्याण्णवच्या दसऱ्याला व्यंकटरावानं मुंबईहून सोन्याचं पाणी दिलेल्या पिनांची वायर आणली, चौपट भाव लावला अन् बाहेर पाटी टांगली, ‘दसऱ्याला सोनं घ्या!’ ज्यांच्या घरी गेम होता ते तिकडं गेलेच, नव्हता तेही बघायला गेले.

“चित्र तेच, आवाज तोच!” दिनकरराव ओट्यावरून ओरडले.

“आसंल की,” एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, “पर सोनं हाय ना त्याला?”

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन व्यंकटराव स्वतः पाया पडायला आला. “सोनं घ्या काका, सोन्यासारखं ऱ्हावा.” ते पान दिनकररावांच्या तळहाताला विस्तवासारखं झोंबलं.

घरी जेवायला बसले तरी तोंड थांबेना. “लय येडा हाय त्यो व्यंकट्या! वायरीला कुणी सोनं घालतंय का? ती पडणार टीव्हीच्या मागं. कुणाला दिसायलंय?”

बायको धुरपताबाई वाकून पोळीवर तूप वाढत होती. तिच्या गळ्यातली निव्वळ काळ्या मण्यांची पोत ताटावर लोंबत होती.

“आसंल येडा,” ती म्हणाली, “पर वायरीनं नशीब काढलं. मालक चांगला भेटला तिला.”